मानपत्र, तिसरा खर्डा

मंडळाने सांगितलं, दोनशे शब्दांत बसवा.
शाल ठरली, नारळ मल्याळी दुकानातून येणार,
फ्रेम मनामात कापूनही झाली,
आता मजकूर तिच्या मापाचा हवा.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "क्रीडाक्षेत्रातील देदीप्यमान"
आणि तिथेच खोडलं.
गुणाजी तोडणकर देदीप्यमान कधी नव्हता.
रात्रपाळी संपवून ड्रायडॉकच्या गेटावरून
थेट हिद्दच्या मोकळ्या जागेत यायचा,
भुवयांत वेल्डिंगची काजळी,
गुडघ्याला फाटक्या चादरीची पट्टी.
चहा घेऊन, चप्पल उलटी करून त्यातली वाळू झटकून,
मग म्हणायचा, चला.

चुन्याची फक्की मिळत नसे. मैद्याने रेषा आखायचो.
दोन किलोत एक मैदान.
कबुतरं निदानरेषा खाऊन जायची
आणि पंच त्यांना हुसकत फिरायचा.

दुसऱ्या खर्ड्यात जुमा आला.
हँडबॉलचा गोलरक्षक, इथलाच, हिद्दचा,
त्याच्या क्लबच्या कपाटात त्याचे तीन चषक आहेत.
आमचा खेळ बघायला पिकअप थांबवली
ती पुढची अकरा वर्षं तिथेच लागायची.
डावा कोपरा तो सांभाळी. घोटा धरला की धरला.
फक्त दम घुमवताना त्याचं "कबड्डी" दर वेळी
"कबद्दी" व्हायचं, आणि कुणी हसलं
तर सांगायचा, माझा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा,
एका दमात तळ गाठून वर यायचा,
तुम्ही मला दम शिकवू नका.
त्याला आम्ही कधी हार घातला नाही.
हे मानपत्रात लिहायचं की नाही, ठरेना.

म्हणून तपशील विचारायला
गुणाजीला इक्बाल परकारच्या लाँड्रीत बोलावलं.
इक्बाल, एकेकाळचा सित्रा संघाचा कप्तान,
समारंभाचा शर्ट त्याच्याच टेबलावर होता.
मी वही उघडली. गुणलेखक मीच होतो ना,
सगळी वर्षं माझ्याच अक्षरात आहेत.
अंतिम सामना, एकतीस विरुद्ध तीस,
शेवटची चढाई, बोनस, तोडणकर.

गुणाजी कॉलरकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"तो बोनस माझो नाय.
पाय अलीकडेच होतो."

वाफेची इस्त्री फुसकन वाजली.
सोळा वर्षं त्या चषकाने मंडळाचं कपाट अडवलंय,
त्या रात्री कॅम्पात बिर्याणीचं पातेलं चढलं होतं,
आणि सित्राची पोरं बसमध्ये गप्प बसून गेली होती.

इक्बाल बाही उलटवत म्हणाला,
"ठाव हाय रे. मी तिथंच उभा होतो."
"मग बोललास का नाय?"
"काय बोलू? रेषाच नव्हती.
वाऱ्याने मैदा कधीच नेला होता.
तू तरी कशाच्या अलीकडे होतास?"

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले,
जणू ती रेषा मी खिशात ठेवलीय.
मी चष्मा पुसला.
खरं सांगायचं तर त्या क्षणी मी पेन झटकत होतो.
शाई गोठली होती, की मीच ओरडत होतो,
आता आठवत नाही.

तर हा तिसरा खर्डा:
गुणाजी तोडणकर, चढाईपटू.
बावीस वर्षं, बहुतेक प्रत्येक शुक्रवारी आला.
जुमा, कोपरारक्षक, याच गावचा,
दम स्वतःच्या घरातून आणला.
इक्बाल परकार, कप्तान,
एका गुणाने हरला, आणि बोलला नाही.

फ्रेम एकच आहे, नावं तीन झाली.
काच बदलावी लागेल, मंडळ कुरकुर करेल.

वहीतला आकडा मी तसाच ठेवला.
शेजारी फक्त पेन्सिलीने लिहिलं,
वारा होता.